राक्षस नेमका राहतो कुठे?

पेपरात एखादी अंगावर काटा आणणारी बातमी आली, की दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी, भिशीत, दळण टाकायला गेल्यावर एकच वाक्य कानावर पडतं, "माणूस नव्हेच तो, राक्षस मेला!" सासूनं सुनेला पेटवलं, बापानं पोरीचा गळा दाबला, शेजाऱ्यानं चिमुरडीला फसवून नेलं... बातमी कुठलीही असो, शब्द ठरलेले. राक्षस. सैतान. नराधम.

आणि त्याच बातमीच्या शेवटी गल्लीतल्या कुणाचं तरी बोलणं छापलेलं असतं, "साधा माणूस हो! कधी मान वर करून बोलला नाही. गणपतीच्या वर्गणीत सगळ्यात पुढे."

आता बघा, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल! तो राक्षस होता, की वर्गणीत पुढे असणारा साधा माणूस? हा प्रश्न काही माझी पाठ सोडेना. मग जमेल तसं वाचत गेले. वाईटपणा येतो कुठून, आणि तो असतो तरी कुणात, याचं उत्तर जगातल्या वेगवेगळ्या लोकांनी काय दिलंय? वाचता वाचता लक्षात आलं, की हा नुसता पंडितांचा वाद नाही. या उत्तरावर बायकांचे जीव टांगलेले आहेत. कसे, ते सांगते.

आधी आपल्या घरातलंच बघू. आपल्याकडे या प्रश्नाला एक उत्तर नाही, डझनभर आहेत. "अंगात सैतान शिरला" हे एक. "कलियुग आहे बाई" हे दुसरं. "संगत वाईट", "रक्तातच आहे", "बुद्धी फिरली" ही आणखी काही. आणि कीर्तनकार सांगतात ते षड्रिपू, म्हणजे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. नीट पाहिलं तर यात दोन गट पडतात. एक गट म्हणतो, वाईट बाहेरून येतं किंवा ठरावीक माणसांतच असतं. दुसरा म्हणतो, शत्रू घरातच आहे, तुझ्या-माझ्या प्रत्येकाच्या आत. ज्ञानेश्वर माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे मागणं मागितलं, ते या दुसऱ्या गटातलं. दुष्टांचा नायनाट होऊ दे, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जाऊ दे, म्हटलं. माणूस राहू दे, वाकडेपणा जाऊ दे. केवढा फरक आहे बघा!

आपल्या दृष्टीचंही तसंच. लेकरू किरकिर करायला लागलं, की आपण मीठ-मोहरी, सुक्या मिरच्या ओवाळून टाकतो. दृष्ट कुणाची लागली? येणाऱ्या-जाणाऱ्याची, शेजारणीची... आणि जुन्या बायका हळूच म्हणतात, "आईचीसुद्धा लागते गं." म्हणजे जिचा लेकरावर जीव आहे, तिच्याही नजरेत नकळत काहीतरी असू शकतं. दृष्ट खरी असते की नाही, हा वेगळा मुद्दा. पण या समजुतीत एक शहाणपण आहे. तिथं कुणाला धरून मारत नाहीत. मिरच्या जाळतात, ठसका लागतो, आणि विषय संपतो.

आफ्रिकेत अझांदे नावाचे लोक आहेत. आताच्या दक्षिण सुदान, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांत त्यांची वस्ती आहे. इव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९२० च्या दशकात त्यांच्यात राहून त्यांच्या समजुती टिपल्या आणि १९३७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अझांदे मानत, की काही माणसांच्या पोटात 'मांगू' नावाची एक वस्तू असते आणि तिच्यामुळे दुसऱ्याचं वाईट होतं. ती वारशानं येते, बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे. गंमत अशी, की ज्याच्या पोटात ती आहे, त्याला स्वतःला ते ठाऊक असेलच असं नाही!

मग घरात कुणी आजारी पडलं, की ते कोंबडीला विशिष्ट विष पाजून कौल घ्यायचे. कौलात एखाद्या शेजाऱ्याचं नाव निघालं, तर कोंबडीचा पंख त्याच्याकडे पाठवायचे. शेजारी चिडायचा नाही. तोंडात पाणी घ्यायचा, पंखावर फवारायचा आणि म्हणायचा, की माझ्या मनात काही वाईट नाही. माझ्या पोटात ते असलंच तर थंड होऊ दे, रोगी बरा होऊ दे. झालं! दोन्ही घरं उद्या पुन्हा एकमेकांना तोंड दाखवायला मोकळी.

सगळंच असं गोड होतं, असं नाही. कुणी मेलं तर सूडही घेतला जाई. आणि मांगू वगैरे काही नसतं, हे आपल्याला माहीत आहे. पण रोजच्या आजारपणात तरी त्या समजुतीनं एक जागा ठेवली होती. "माझ्याकडून नकळत तुझं वाईट झालं असेल" असं म्हणण्याची जागा. आपल्याकडे दोन जावांच्या भांडणात हे वाक्य कधी ऐकलंय?

आता याच्या अगदी उलट टोक बघा. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकिणी शोधण्याचं वेड पसरलं होतं. तिथली समजूत अशी, की वाईटाचा एक राजा आहे, सैतान. आणि काही माणसं गुपचूप त्याच्याशी करार करतात. म्हणजे गावात दोन जाती झाल्या. देवाची माणसं आणि सैतानाची माणसं. मग सैतानाची माणसं हुडकायलाच हवीत! त्या काळात साधारण चाळीस ते साठ हजार लोकांना मृत्युदंड दिला गेला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातल्या चारांतल्या तीन बायका होत्या.

हेच वेड समुद्र ओलांडून अमेरिकेतही गेलं. १६९२ साली सेलम नावाच्या वस्तीत एका धर्मगुरूच्या घरातल्या मुलींना झटके येऊ लागले. कुणी केलं हे? पहिली तीन नावं आली ती कुणाची, ते ऐका. एक टिटुबा, त्याच घरात राबणारी गुलाम बाई. दुसरी सारा गुड, दारोदार मागून पोट भरणारी. आणि तिसरी सारा ऑस्बोर्न. नवरा गेल्यावर तिनं आपल्याच घरच्या गड्याशी लग्न केलं होतं आणि पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून तिचा वाद चालू होता. गुलाम, भिकारीण आणि जमिनीच्या वादातली विधवा! सैतान बरोबर याच घरांत कसा शिरतो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

त्या वर्षात एकोणीस जणांना फाशी दिलं गेलं, त्यात चौदा बायका. सारा गुडच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलाही तुरुंगात टाकलं. आणखी एक विचित्र गोष्ट. ज्यांनी "हो, मी चेटकीण आहे" असं कबूल केलं, त्या वाचल्या. ज्यांनी "मी काही केलेलं नाही" असं शेवटपर्यंत खरं सांगितलं, त्या फासावर गेल्या.

लोक भानावर आल्यावर काय झालं? १६९७ साली सॅम्युअल स्यूअल नावाच्या न्यायाधीशानं सगळ्यांसमोर चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली. दोष आणि लाज माझी आहे, असं त्यानं लिहून दिलं आणि ते मोठ्यानं वाचलं जाईपर्यंत तो तिथं उभा राहिला. १७०६ साली अ‍ॅन पुटनम या बाईनंही माफी मागितली. लहान असताना हिनं अनेकांवर आरोप केले होते. पण तिच्या माफीत ती म्हणाली, की सैतानानं मला भुलवलं. पाहिलंत? माफी मागतानाही वाईट सैतानाचंच! मी दोघांच्याही माफ्या पुन्हा पुन्हा वाचल्या. अ‍ॅन तेव्हा बारा वर्षांची पोर होती, तिच्यावर फार राग धरवत नाही. पण "माझी चूक" आणि "सैतानाची करणी" यात सगळा फरक आला, असं मला वाटतं. सेलमच्या खटल्यांत दोषी ठरलेल्यांपैकी शेवटच्या बाईचं नाव कागदोपत्री निर्दोष व्हायला २०२२ साल उजाडलं. तेही एका शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेनं पाठपुरावा केला म्हणून.

"गेला तो काळ, ते गोऱ्यांचं खूळ," असं म्हणू नका. आपल्या सातपुड्यात, नंदुरबारकडच्या गावांत 'डाकीण' ठरवून बायकांना छळल्याच्या घटना घडल्या आहेत. झारखंडमध्ये छुटनी देवी या बाईंना १९९५ साली 'डायन' ठरवलं गेलं. शेजारची मुलगी आजारी पडल्याचं निमित्त झालं. मारहाण, विटंबना सोसून मुलाबाळांसह घर सोडावं लागलं. पुढे त्यांनी आपल्यासारख्याच दुसऱ्या बायकांना वाचवण्याचं काम हाती घेतलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आसामच्या बिरुबाला राभा यांनाही त्याच वर्षी, त्याच कामासाठी पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्या गेल्या.

आपल्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. अमकी बाई करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं अवघड करणं, हा आता या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा होऊ शकते. हे गावात सांगा. कारण अशा प्रकरणांत अनेकदा ती बाई एकटी असते, विधवा असते, आणि तिच्या नावावर तुकडाभर का होईना, जमीन असते. सेलमच्या सारा ऑस्बोर्नची आठवण झाली ना?

म्हणजे वाईट 'त्या जातीच्या' माणसांत असतं असं मानलं, की पहिला बळी दुबळ्याचा जातो. मग वाईट सगळ्यांत असतं असं मानलं, तर सगळ्यांना माफ करायचं का? हा प्रश्न मला स्वतःलाच अडवायचा. त्याचं उत्तर मला अंगुलिमालाच्या कथेत सापडलं.

ही बौद्ध कथा पुष्कळ जणींना ठाऊक असेल. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाला जागा दिली आहे. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा हा दरोडेखोर बुद्धांना भेटतो आणि भिक्षू होतो. आपण बहुतेक वेळा गोष्ट इथंच थांबवतो. पण मूळ सुत्तात पुढे आणखी आहे. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला एक बाई बाळंतपणात अडलेली दिसते. तो कळवळून बुद्धांकडे येतो. बुद्ध म्हणतात, तिला जाऊन सांग, की जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाला मारलेलं नाही, या सत्यानं तुझं आणि बाळाचं भलं होवो. अंगुलिमाल म्हणतो, पण हे तर खोटं होईल! तेव्हा बुद्ध वाक्य सुधारून देतात, की भिक्षू म्हणून जन्मल्यापासून, असं म्हण. तो जातो, तसं म्हणतो, बाई सुखरूप मोकळी होते. श्रीलंका, थायलंडसारख्या देशांत आजही गरोदर बाईसाठी अंगुलिमालाच्या नावाचं परित्त म्हणतात. खुन्याच्या नावाचा पाठ, आणि तो बाळंतिणीसाठी!

आणि त्यानंतर? गावात भिक्षेला गेल्यावर लोक त्याला दगड मारतात. डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं. रक्तानं माखून तो परत येतो. बुद्ध काय म्हणतात? सहन कर. केलंस त्याचं फळ आहे हे. म्हणजे माणूस बदलू शकतो, हे खरं. पण केलेलं पुसलं जात नाही, हेही तितकंच खरं. आणि आधीचं खोटं लपवून पुण्य मिळत नाही, हे तिसरं. मला वाटतं, मारझोड करून सकाळी गजरा आणणाऱ्या नवऱ्याला हे तिन्ही ऐकवायला हवं.

आता विज्ञान काय म्हणतं? १९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग केला. चाळीस साधी माणसं बोलावली. कुणी कारकून, कुणी कामगार. सांगितलं, की पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की बटण दाबून विजेचा झटका द्यायचा, दर वेळी जास्त. झटके खोटे होते, पलीकडचा माणूस नाटक करत होता. पण बटण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. करड्या कोटातला एक साहेब शांतपणे सांगत राहिला, "चालू ठेवा." चाळिसांपैकी सव्वीस जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले! पुढे बायकांवर तोच प्रयोग केला. आपण मायाळू ना? तिथंही चाळिसांपैकी सव्वीस. बायकांना ताण जास्त आला, पण हात थांबला नाही. या प्रयोगावर नंतर बरीच टीकाही झाली. काहींना ते नाटक आहे असा संशय आला होता, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. तरी त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. बटण दाबणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघे बसवले आणि त्यांनी मध्येच "आम्ही नाही करणार" म्हणून उठायचं, असं ठरवलं. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे उरले चाळिसांत फक्त चार. शेजारच्यानं 'नाही' म्हटलं, तर बहुतेकांना 'नाही' म्हणता येतं!

शेजारच्यानं 'नाही' म्हटलं नाही, तर काय होतं, तेही जगानं पाहिलंय. १९९४ साली रवांडा या आफ्रिकी देशात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. मारणारे बरेचसे शेजारीच होते, कालपर्यंत एका विहिरीवर पाणी भरणारे. त्याआधी कित्येक महिने रेडिओवरून तुत्सी लोकांना 'झुरळं' म्हटलं जात होतं. झुरळ मारताना कुणाचा हात थरथरतो? पॉलीन न्यिरामासुहुको ही तर त्या सरकारात कुटुंब आणि महिला विकास खात्याची मंत्री होती. स्वतः आई, आधी समाजसेविका. वंशसंहार आणि बलात्काराच्या गुन्ह्यांत आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तिला २०११ साली दोषी ठरवलं. राक्षसाचा शब्द आपण दुसऱ्यासाठी वापरतो, तेव्हा हेही लक्षात ठेवलेलं बरं, की माणसाला माणसातून उठवणारा शब्दच कधी कधी हत्याराच्या आधी येतो.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी शंभरातल्या जवळजवळ तीस जणींनी सांगितलं, की नवऱ्याकडून त्यांना हिंसा सोसावी लागली आहे. शंभरात तीस! इतके राक्षस कुठून आणणार? ते राक्षस नाहीतच. ते आपले भाऊ आहेत, मुलगे आहेत, दीर आहेत. गजरा आणणारे, वर्गणी देणारे. आणि म्हणूनच मार खाणारीचं कुणाला खरं वाटत नाही. "तुझा नवरा? अगं, किती देवमाणूस आहे तो!" राक्षसाला शिंगं असतात, असं मनात पक्कं बसलं, की बिनशिंगांचा ओळखूच येत नाही.

आणि मग उरतं आपलं सगळ्यात लाडकं उत्तर, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल गं तुझं." कर्माच्या विचाराचा मूळ अर्थ, आपण करू त्याला आपण जबाबदार, हा किती चांगला आहे! पण तो आपण मारणाऱ्याला लावत नाही, मार खाणारीला लावतो. वाईट त्यानं केलं, हिशेब तिच्या खात्यावर!

कायद्यानं तरी हा हिशेब सरळ केलाय. १९८३ साली कलम ४९८-अ आलं. जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही आहे. कायदा "तू राक्षस आहेस का" असं विचारत नाही. "तू काय केलंस" एवढंच विचारतो. आपणही एवढंच विचारायला शिकलो, तरी पुष्कळ झालं.

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते. पुढच्या वेळी "राक्षस मेला" म्हणायच्या आधी थांबून पाहू या, की आपण कुणाला लांब ढकलतोय आणि कुणाला सोडून देतोय. चारचौघींत एखादीला 'तिची नजर वाईट', 'तिचा पायगुण वाईट' म्हटलं जात असेल, तर तिथं एकीनं तरी "असं काही नसतं" म्हणायला हवं. भिंतीपलीकडून ओरडण्याचा आवाज आला, तर वाटी घेऊन साखर मागायला जा. बेल वाजली की पुष्कळदा हात खाली येतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तो फ्रिजवर लिहून ठेवा. आणि आपल्याच घरात, आपल्याच तोंडून सुनेला, मोलकरणीला, सवतीच्या पोराला काय बोललं जातं, तेही कधी कधी ऐकावं. सहा शत्रू कीर्तनात ऐकायला सोपे असतात हो. सकाळच्या घाईत, पोळ्या लाटताना ते ओळखता येतात का, हे प्रत्येकीनं आपापलं बघायचं.